सोनबाचा कोरा तक्ता

संस्था वाढवायची तर आधी तिथली माणसं कमी करावी लागतात. १९३८ साली भोरच्या नीराकाठ विद्यापीठात ही सुधारणा आली, तेव्हा शिपाई सोनबाला तिच्यातून मिळायचं होतं ते असं: एक खाकी कोट, एक पितळी बिल्ला आणि 'मुख्य शिपाई' हा हुद्दा. (दुसरा शिपाई नव्हता, पण हुद्द्याला त्याची अडचण होत नाही.) भाटघरला त्याच्या बायकोनं, सखूबाईनं, कोटासाठी खुंटीसुद्धा ठोकून ठेवली.

रजिस्ट्रार दाजीसाहेबांनी तक्ते वाटले. प्रत्येकानं आपलं काम स्वहस्ते लिहायचं. चार प्राध्यापकांनी मिळून एकशे बारा कामं भरली. तिघांनी 'चिंतन' लिहिलं, चौथ्यानं 'सखोल चिंतन'. चौघेही विभागप्रमुख झाले. सोनबाला लिहिता येत नव्हतं. त्याचा तक्ता कोरा निघाला, आणि तक्ता कोरा म्हणजे माणूस रिकामा, असं दाजीसाहेबांच्या सुधारणा समितीनं एकमतानं ठरवलं.

"साहेब, दारं म्या उघडतो, घंटा म्या देतो, पाणी म्या भरतो."

"तक्त्यात कुठं आहे ते?"

"तक्त्यांचं कपाट बी म्याच उघडतो की!"

ही माहिती तोंडी असल्यानं समितीला विचारात घेता आली नाही.

"अवं, कोट कुठंय?" घरी सखूबाईनं विचारलं.

"कोट न्हाई. म्याच कमी झालो."

"मग खुंटीला तुमालाच टांगू व्हय?"

विद्यापीठाच्या नऊही किल्ल्या सोनबाच्या करगोट्याला होत्या. त्याला कमी करणाऱ्या हुकमात किल्ल्यांचा उल्लेख नव्हता. नवा हुकूम काढावा तर शिक्का कपाटात. कुलूप फोडणं कुणाच्याच तक्त्यात नव्हतं. तेव्हा चारही विभागप्रमुख चार महिने ओसरीवर बसले आणि त्यांनी एकसष्ट ठराव केले. (खडूची बचत शंभर टक्के.)

शेवटी दाजीसाहेब स्वतः भाटघरला गेले.

"सोनबा, किल्ल्या दे."

"लेखी हाय का, साहेब?"

लेखी नव्हतं. म्हणून सोनबाला तोंडीच 'किल्ली-सल्लागार' नेमावं लागलं. कोट खुंटीला लागला, बिल्ला त्याच्यावर.

कोट, बिल्ला, समितीचा चहा आणि चार विभागप्रमुखांची पगारवाढ, हा सगळा खर्च फीतून भागला. फी भरलेले एकवीस विद्यार्थी ते चार महिने बाहेरच्या पायरीवर बसून होते. त्यांचा उल्लेख वर राहून गेला खरा. पण तुम्ही तरी कुठं विचारलंत?