दहा ते एक, दाराकडे पाठ

लिफ्टच्या तपासनीसाने बरोबर दहा वाजता आपल्या घराला कुलूप लावलं. एकदाच. ओढून पाहिलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी अकरा वर्षं, एक मानसोपचारतज्ज्ञ बाई आणि बायकोचं माहेरी निघून जाणं लागलं होतं.

कचेरीत तो लिफ्टचा एकेक दोर चारचारदा तपासतो म्हणून त्याला बढती मिळाली होती. त्याच गुणाला घरी आजार म्हणत. घराबाहेर पडताना गॅस तीनदा, खिडक्या तीनदा, प्रत्येक खोलीत एक फेरी, मग कुलूप एकोणीस वेळा. शिवाय जिना उतरताना दर पायरीला प्रश्न : "लागलं ना गं? नक्की?" अकरा वर्षं "लागलं हो" म्हणून बायकोची जीभ झिजली. तीन महिन्यांपूर्वी तिने बॅग भरली. "ज्या दिवशी कुलूप एकदा लावून वळाल, त्या दिवशी येईन. तोवर तुमचा आणि कुलपाचा संसार चालू द्या!" माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पण ती आली नाही.

म्हणून आजची परीक्षा. खोल्यांतून फेरी मारायची नाही. कुलूप एकदा लावायचं. मग जिन्याच्या दहाव्या पायरीवर, दाराकडे पाठ करून, एक वाजेपर्यंत बसायचं. मोबाइल बाईंनी काढूनच घेतला होता, कारण त्यात कुलपाचे दोनशे चौदा फोटो सापडले होते.

"शंका फार हुशार असते," बाईंनी बजावलं होतं. "ती ओळखीच्या माणसाच्या आवाजात बोलेल. उत्तर द्यायचं नाही. येऊ द्यायची, जाऊ द्यायची. आणि कागदावर लिहायचं."

*१०.०४. धास्ती (शंभरपैकी) : ७०. मनात आलं : कुलूप लागलं नसेल. केलं : काही नाही.*

*१०.०६. धास्ती : ९५. मनात आलं :*

इथे त्याचं पेन थांबलं. कारण मनात काही आलं नव्हतं. दारातून आलं होतं.

ठक्. ठक्. ठक्.

"अहो!"

बायकोचा आवाज. थेट तिचा, त्या 'हो'वरच्या हेलासकट. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. रिकामं घर, बाहेरून कुलूप, आणि आत तीन महिन्यांपूर्वी गेलेली बायको.

"अहो, दार उघडा! मी आत आहे!"

हुशार असते म्हणाल्या होत्या, पण इतकी? त्याने कागदावर लिहिलं : *शंका आली. आवाज हुबेहूब.* आणि जिन्याचा कठडा घट्ट धरला.

साडेदहाला पार्सलवाला वर आला. दारापाशी थबकला.

"साहेब, आतून कोणीतरी हाका मारतंय."

तपासनीसाने वळून न बघता मान डोलावली. "बाईंनी पाठवलं ना तुम्हाला?"

"कुठल्या बाईंनी?"

"असू द्या, असू द्या. मुळीच फसणार नाही मी."

"अहो, पण बाईमाणूस रडतंय आत!"

"येऊ द्यायची," तपासनीस डोळे मिटून म्हणाला, "जाऊ द्यायची."

पार्सलवाल्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पार्सल तिथेच ठेवून तो दोनदोन पायऱ्या गाळत उतरला. सहीसुद्धा घेतली नाही.

*१०.५५. धास्ती : ६०. आवाज शिव्या देतो आहे. माझ्या आईचाही उद्धार झाला.*

*११.१०. धास्ती : ४०. शांत.*

*११.४०. धास्ती : ४५. आवाज पुन्हा आला. आता रागावत नाही. गोड झाला आहे.*

खरोखरच गोड झाला होता. ठोकणंही थांबलं होतं. आता फक्त दाराच्या खालच्या फटीजवळून, कोणी फरशीला गाल लावून बोलावं तसं, हलकंच येत होतं : "अहो, आत या ना. कुलूप लागलेलंच नाही. दार उघडंच आहे."

हे वाक्य म्हणजे त्याच्या दुखऱ्या नसेवर नेमका अंगठा. तो अर्धा उठला. पुन्हा बसला. घाम पुसला.

साडेबाराला समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू कापडाचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, "काकू, तुम्हाला काही ऐकू येतंय का हो?"

काकूंनी कान दिला. फटीतून स्पष्ट आलं : "आत या ना."

काकूंनी गठ्ठा छातीशी कवटाळला. पण तपासनीसाच्या बायकोने जाताना त्यांना शपथ घातली होती, की दाराबद्दल ह्यांनी काहीही विचारलं तरी धीर द्यायचा नाही, ठरलेलं एकच वाक्य म्हणायचं. काकू शब्दाच्या पक्क्या.

"मला माहीत नाही, भाऊ. तुम्हाला काय वाटतं?" असं म्हणून त्या घरात शिरल्या आणि त्यांनी तिन्ही कड्या लावून घेतल्या.

*१२.५५. धास्ती : ५. आवाज चालू आहे. मला काही वाटत नाही.*

एक वाजता त्याने ताठ मानेने कुलूप उघडलं. दारामागे कोणी नव्हतं. आतल्या खोलीत, पलंगावर, केस विस्कटलेली बायको डोळे चोळत उठून बसत होती.

"तू... खरी आहेस?"

"चिमटा काढू? की थोबाडीत चालेल?" तिचा घसा पार बसला होता. "आज परीक्षा आहे असं बाईंकडून कळलं, म्हणून तुम्ही आंघोळीला होतात तेव्हा आले. दाराला कडी नव्हती."

"कडी न लावणं कालच्या अभ्यासात होतं."

"इथे लपून बसले होते. म्हटलं, बघू, हा माणूस फेरी मारतो का. पावलं ह्या खोलीकडे वळली असती ना, तर मागच्या पावली गेले असते. कायमची. पण तुम्ही सरळ दाराकडे गेलात! मला रडूच फुटलं. डोळे पुसून उठते तो कुलूप वाजलं. किती हाका मारल्या मी!"

"ऐकल्या ना."

"ऐकल्या?"

"सगळ्या. आधी धास्ती पंच्याण्णव होती. मग तुझ्या आवाजाचं काही वाटेनासंच झालं." त्याने बक्षीस दाखवावं तसा कागद पुढे केला.

तिने मारण्यासाठी उशी उचलली, आणि उशीतच तोंड खुपसून हसली. मग हसत हसत कागद वाचू लागली. वाचता वाचता थांबली.

"हे बारा पंचावन्न काय आहे?"

"शेवटची हाक."

"मी अकराला दमून झोपले, ती आत्ता उठतेय."

"नाही गं. दार उघडंच आहे, आत या, म्हणत होतीस. किती गोड आवाजात!"

"गोड?" ती हळूच म्हणाली. "कोंडून ठेवल्यावर मी गोड बोलेन?"

हा मुद्दा त्याला पटला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

तेवढ्यात काकू डोकावल्या. "सुटलात बाई! मघाशी फरशीवर पडून किती मायेने बोलावत होतात ह्यांना. माझा जीव तीळतीळ तुटला. पण शपथ पडली ना तुमची!"

काकू गेल्या. दोघांनी दाराखालच्या फटीकडे पाहिलं. मग तपासनीसाने खांदे उडवले. "येतात, जातात. मी तुझी बॅग घेऊन येतो माहेराहून. तू पड जरा."

"एकटी? इथे?" तिने तोवर चपला घातल्या होत्या.

दोन गल्ल्या ती त्याच्या शर्टाची बाही धरून चालली. माहेरी आईने दार उघडताच विचारलं, "मग काय ठरलं? इथे राहणार की तिथे?"

"हे असतील तिथे," ती म्हणाली. "हे बाहेर गेले की मी बाहेर. हे आत आले की मी आत."

आईने पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, इतकं प्रेम तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.