तांबे मोजणीदारांचे दीड इंच

माणसाने आयुष्यात किती उंच जावे, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी विचार केला आहे. कोणी डोंगरात जाऊन बसले, कोणी सिंहासनावर. नेमके उत्तर मात्र महाडात आमच्या शेजारी राहणाऱ्या भिकाजी तांब्यांकडे आहे. दीड इंच.

सव्वा नाही. पावणेदोन तर नाहीच.

तांबे जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले, पण मोजपट्टी त्यांच्या खिशातून निवृत्त झाली नाही. 'साधारण' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. भाजीवाली म्हणाली, "साधारण पाव किलो हाय, घ्या," की हे विचारणार, "साधारण म्हणजे किती?" एका लग्नाच्या बोलणीत वरपक्षाने मुलगा साधारण सहा फूट असल्याचे सांगितले. तांब्यांनी पट्टी काढली. लग्न मोडले नाही, पण मुलाचे बूट त्या दिवसापासून बदलले.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तू जागच्या जागी आहेत की नाहीत, हे पाहण्यात आम्हा दोघांचेही आयुष्य गेले. त्यामुळे आमचे जमते. तांब्यांची पत्नी वारली, मुलगी लांब दिली. उरली एक जुनी फोर-बाय-फोर जीप आणि पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यावरून फुटणाऱ्या कच्च्या वाटेच्या टोकाला राहणारी थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणतात.

अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याने उजेड दिसे, दुसऱ्याने तोही नाही. गुडघे तर त्याआधीच गेलेले. त्या वाडीतून आजारी माणूस खाली आणतात तो झोळीत घालून, चार जणांच्या खांद्यावरून. अक्काने त्याला साफ नकार दिला.

"चार जनांच्या खांद्यावं मी एकदाच जानार," ती म्हणाली. "तवा मला इचारू नका. आता इचारलाव तर नाय."

म्हणजे जीप तिच्या दारात गेली पाहिजे. आणि वाटेत कातळाचा एक उंचवटा असा होता, की पुढची चाके पलीकडे उतरली की जीपचे पोट त्यावर टेकायचे. तो फोडावा, असे मी एकदा सुचवले.

"तो दगड नाही, डोंगर आहे," तांबे म्हणाले. "वर एवढाच दिसतो. गाडी उचलायची. दीड इंच."

गाडी उचलणे म्हणजे काय, हे मला इक्बालभाईंच्या गॅरेजात कळले. चाके आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पाट्यांच्या कमानी असतात, त्या बदलायच्या म्हणजे सांगाडा वर जातो. इक्बालभाई पंधरा वर्षे आखातात गाड्या दुरुस्त करून आलेले.

"दीड इंच?" ते म्हणाले. "तांबेसाहेब, मस्कतला चार इंचाखाली कोन बोलत नाय. दीड इंच तर हवा भरली तरी होतंय."

"मोजून बघितलंय?"

"मस्करी केली, साहेब."

"मस्करी पण मोजून करावी."

पुढचे दोन महिने सुट्या भागांच्या निवडीत गेले. इक्बालभाईंनी आधी सोपा उपाय काढला. कमानीखाली लोखंडी ठोकळे घालायचे, अर्ध्या दिवसात गाडी वर. तांब्यांनी ठोकळा हातात घेतला, उलटा केला, परत ठेवला. पुढच्या चाकांवर ठोकळा, आणि आंबेनळीचा उतार? ब्रेक दाबला की तो सरकू पाहणार. नको.

मग कमानीची टोके ज्या कड्यांत अडकवतात त्या लांब करायच्या, असे निघाले. तीन इंचांनी लांब केल्या की गाडी दीड इंच उचलते. हा हिशेब तांब्यांना आवडला. त्यांनी तो मला दोनदा कागदावर काढून दाखवला. पण कड्या लांब झाल्या की पुढच्या चाकांचा दांडा कलतो आणि स्टीअरिंग हलके पडते. एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "गाडी पुढाऱ्यासारखी चालते. तोंड एकीकडे, जाणं भलतीकडे." नको.

तिसरा उपाय, कमानीत एक जाड पाटा वाढवायचा. हा केला. बरोबर दीड इंच मिळाले. मी अभिनंदन करायला गेलो, तर तांबे मागच्या सीटवर तांदळाचे पोते पट्ट्याने बांधत होते. पोत्याचे वजन बेचाळीस किलो, अक्काएवढे. पोत्यावर पत्र्याची ताटली आणि तिच्यावर काठोकाठ पाण्याने भरलेला तांब्या.

"ही अक्का," ते म्हणाले. "बसा पुढे."

आम्ही दासगावपर्यंत गेलो. माझा मणका मला प्रथमच सुटा सुटा जाणवला. तांब्यात घोटभर पाणी उरले होते आणि अक्का भिजली होती.

"पाटा काढा," तांब्यांनी इक्बालभाईंना सांगितले.

"साहेब, दीड इंच मागितलाव, दीड इंच दिला. आता काय पालखी पायजे?"

"हो," तांबे म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी इक्बालभाईंनी स्वतः भट्टीवाल्याकडे बसून जास्त बाक दिलेल्या, पातळ पाट्यांच्या नव्या कमानी करून घेतल्या. त्यांना साजेसे लांब शॉकअब्सॉर्बर आणले, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जाऊ नयेत म्हणून त्याही बदलल्या. नवी कमान भाराने थोडी खाली बसते म्हणून तांब्यांनी पंधरा दिवस जीपमध्ये जांभा दगड भरून ठेवला आणि रोज सकाळी सांगाड्याची उंची भिंतीवर पेन्सिलीने लिहिली. मग पुन्हा पोते, पुन्हा तांब्या, पुन्हा दासगाव. गॅरेजातली माणसे पोते दिसले की म्हणत, "अक्का आली, वाट द्या." या खेपेला ताटलीत चारच थेंब सांडले. तांब्यांनी ते मोजले, हे सांगायला नको.

तरी दीडच इंच का, हे मला कळत नव्हते. कातळ सुटायला सव्वा पुरत होते. दोन असते तर आणखी निर्धास्त. विचारले तर म्हणत, "वर चला, दाखवतो."

इकडे वाडीत बातमी पोचली होती, की भिकाजीने गाडीला लिफ्ट लावली आहे. गाडी उचलण्याला गॅरेजात लिफ्ट म्हणतात; तो शब्द तिथून निघाला आणि पोलादपूरच्या स्टँडवरून वर गेला. अक्काने लिफ्ट पाहिली होती. तिची भाची मुंबईला सातव्या मजल्यावर राहते. आत उभे राहायचे, बटण दाबायचे, गुडघे न वाकवता वर. "मंग येते मी," असा तिने निरोप धाडला. "लिफ्ट हाय तर येते."

तांब्यांना हा घोटाळा कळला होता. आयुष्यभर ज्याने कोणाचे 'साधारण' खपवून घेतले नाही, त्याने हे मात्र दुरुस्त केले नाही.

आम्ही गेलो त्या दिवशी कातळावर जीपचे पोट टेकले नाही. वाडीतली सगळी माणसे गाडीभोवती जमली आणि लिफ्ट शोधू लागली.

"कुठं रे लावलीस?" एका म्हाताऱ्याने वाकून विचारले.

"खालून हाय," तांबे म्हणाले. वाडीत आले की त्यांचे 'आहे' आपोआप 'हाय' होते.

मग त्यांनी जीप मागे घेत घेत अक्काच्या घराच्या ओट्याला लावली, मागचा फळका उघडला आणि मला खूण केली. ओट्याची कड आणि जीपची जमीन एका रेषेत होती. मधून नख गेले नसते. ओटा साडेअठ्ठावीस इंच, जीपची जमीन आधी सत्तावीस. अक्का तांब्यांचा हात धरून ओट्यावरून चालत आली आणि चालत चालत जीपमध्ये गेली. गुडघा कुठे वाकला नाही.

बसल्यावर तिने विचारले, "भिका, बटन कवा दाबलास?"

"तू येत होतीस तवाच."

"कळला पन नाय गो बाय," ती कोणालातरी म्हणाली.

घाट उतरताना तांब्यांनी एकदाही कचकन ब्रेक दाबला नाही. अक्का वाटेत झोपली. महाडला डोळ्यांच्या दवाखान्यापुढे जीप भिंतीला खेटून उभी केली आणि मग आम्ही जिना पाहिला. दवाखाना पहिल्या मजल्यावर. पायऱ्या एकवीस, अरुंद, कठडा एकाच बाजूला. दोन महिने ज्याने इंचाइंचाचा विचार केला, त्याने दवाखाना कितव्या मजल्यावर आहे एवढे विचारले नव्हते.

फुटपाथवरच्या बाकाचा आधार घेत मी अक्काला खाली उतरवले. तांबे क्षणभर जिन्याकडे पाहत राहिले. मग तिच्यापुढे उकिडवे बसले, तिच्याकडे पाठ करून.

"अक्का, ये."

मला वाटले, ती नाही म्हणणार. तिने चाचपडत त्यांचा खांदा धरला.

"किती जन हायत?"

"मी एकटाच."

"एकटा तर चालंल," अक्का म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात हात टाकले.

अडुसष्ट वर्षांचा माणूस पायऱ्या मोजत वर निघाला. मी मागून अक्काच्या पाठीला हात लावून. सातव्या पायरीला ते थांबले, तेव्हा अक्का त्यांच्या डोक्यावरून मला म्हणाली, "आई गेली तवा हा तीन वर्सांचा. ओढ्यापल्याडच्या शाळंत मी ह्येला असाच न्यायची, दुसरीपर्यंत. लय वळवळायचा."

"बोलू नकोस, अक्का," तांबे म्हणाले. "आठ."

वर पोचल्यावर ते बाकावर टेकले आणि बराच वेळ काहीच मोजू शकले नाहीत. डॉक्टरांनी अक्काला तपासले आणि परवाचे ऑपरेशन ठरवले. रस्त्यात कोणीतरी हॉर्न वाजवत होते, म्हणून किल्ली घेऊन मी खाली आलो आणि जीप हातभर पुढे घेतली. तिच्याआड इतका वेळ झाकलेली भिंतीवरची पाटी दिसली: 'जिना चढू न शकणाऱ्या रुग्णांना डॉक्टर खाली येऊन तपासतील.'