नाना आणि स्कॅनरचा गेटपास

शिंदेनाना कुठलीही वस्तू दुरुस्तीला घेतली की आधी तिला लाल पाटी अडकवतात: 'काम चालू. हात लावू नये.' आमच्या मिक्सरला अडकवली तेव्हा भांड्यात चटणी होती. बायको म्हणाली, निदान चटणी तरी काढू द्या. नाना म्हणाले, "सूनबाई, नियम म्हंजे नियम." मुकाट्यानं दह्याशी भाकरी खाल्ली आम्ही.

नाना आमच्याच दिघीच्या सोसायटीत, खालच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे चाकणकडचे शेतकरी, पण हयात गेली कंपनीच्या मेंटेनन्समध्ये. रिटायर झाल्यावर गडी लिनक्स शिकला. का, तर "कुणी अडवत न्हाई. झाकण उघडून आत बघता येतं." माझा म्हातारा कॉम्प्युटर मी भंगारात काढत होतो, तो हिसकावून घेऊन नानांनी त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं. पठ्ठ्या अजून पळतोय. फक्त प्रिंटर छापायचा, पण त्यातलाच स्कॅनर कॉम्प्युटरला काही केल्या सापडायचा नाही. मी नाद सोडला होता.

मग तपासणीत आईचा ईसीजी जरा वेगळा आला. डॉक्टर म्हणाले, जुना पाठवा, तेव्हाही असाच असेल तर ॲडमिट करायला नको. जुना कागद पार पुसट झालेला. मोबाइलच्या फोटोत रेघ दिसेचना. त्यात गुरुवार, आमच्याकडं एमआयडीसीची आठवड्याची सुट्टी, झेरॉक्सचं दुकानही बंद. मी खाली जाऊन नानांना हाक मारली.

नाना आले. प्रिंटरला पाटी लावली, चष्मा चढवला आणि कीबोर्ड बडवायला बसले.

"स्कॅनर हाय की. ॲडमिनला दिसतोय, तुला दिसत न्हाई. तुझ्या नावाचा गेटपासच न्हाई बनवला कुणी."

"नाना, गेटपास नंतर. आधी स्कॅन करा हो," मी काकुळतीला आलो.

"घाईत काम केलं की बोटं जात्यात," म्हणत त्यांनी शांतपणे मला स्कॅनरची परवानगी दिली. लॉगआउट केलं, पुन्हा लॉगिन केलं, आणि काचेखाली दिवा सरकला. मग गडद करत करत ती रेघ त्यांनी वर आणली.

थोड्या वेळानं डॉक्टरांचा फोन आला. जुनंच आहे, काळजी नको. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी मात्र नानांच्याच पाया पडलो. असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

चहा झाला तरी नाना उठेनात. "अजून काय स्कॅन करायचंय का?" लाइटबिल केलं. रेशनकार्ड केलं. मी सहज विचारलं, "पुनावळ्याला तुमच्या मुलाकडं आहे का हो प्रिंटर?"

"हाय ना. सगळं नवं हाय. त्याच्याकडं काय बिघडतच न्हाई."

नाना चपला शोधायला लागले. तेवढ्यात आई म्हणाली, "नाना, उद्या जरा येऊन जा. प्रिंटरचा आवाज वेगळाच येतोय."

नानांनी वाकून प्रिंटरला कान लावला. प्रिंटर केव्हाच बंद केलेला होता.

"व्हय," ते म्हणाले, "येतोय थोडा. उद्या बघू."