गुप्तदानाची लिफ्ट

गालिचेवाले शेठ सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू समाजाच्या प्रार्थनामंदिराच्या, ऑफिसात आले, त्यांनी दार लावलं, खिडकीही लावली आणि सेक्रेटरीबाईंच्या समोर बसून कुजबुजत म्हणाले, "लिफ्टचे पैसे मी देतो. अर्धे आत्ता, अर्धे मोटर येईल तेव्हा. पण नाव कळता कामा नये."

सेक्रेटरीबाईंचा चष्मा नाकावर घसरला. या इमारतीत नावाशिवाय नळसुद्धा गळत नव्हता. पुढच्या बाकावर शेठांच्या नावाची पितळी पाटी होती, भिंतीवरच्या घड्याळावर होती, हात धुण्याच्या बेसिनवर होती. एवढंच काय, ओल्या छत्र्या ठेवायच्या पिंपावरही होती. त्या पिंपाच्या अर्पणसोहळ्यात शेठांनी तासभर भाषण ठोकलं होतं.

"धर्मात काय सांगितलंय?" शेठ म्हणाले. "देणाऱ्याला घेणारा कळू नये, घेणाऱ्याला देणारा. तेच सगळ्यांत थोर दान. बाकीची सगळी करून झाली, हे एक राहिलंय."

बाईंनी मनातल्या मनात त्यांचे सगळे जुने अपराध माफ केले. त्याला कारणही तसंच होतं. सिनेगॉगच्या तिसऱ्या मजल्यावर जेवणघर होतं. समाजातल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना तिथे आठवड्यातून चार दिवस गरम जेवण मिळायचं, तेही लोकांनी दिलेल्या देणग्यांवर. लिफ्टनं मान टाकल्यापासून जेवण डब्यातून घरोघरी जात होतं. पण टेबलाभोवती बसून एकमेकांची उणीदुणी काढत जेवणं वेगळं आणि भिंतीकडे तोंड करून डबा संपवणं वेगळं. दोन म्हाताऱ्यांनी तर जेवणच अर्ध्यावर आणलं होतं. आणि बाईंच्या सासूबाई, ज्या आपल्या तक्रारी चार दिवस तिसऱ्या मजल्यावर नेऊन रित्या करायच्या, त्या आता आठवडाभर घरातच रित्या करत होत्या. भाजीतलं मीठ, दाराची करकर, सुनेची चाल, काही म्हणता काही सुटत नव्हतं. ही लिफ्ट सुरू झाली नाही तर आपला पाराच तिसऱ्या मजल्यावर चढेल, अशी बाईंची खात्री पटली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ पुन्हा हजर.

"कुणी विचारलं का, कोणी दिले म्हणून?"

"नाही."

"विचारलं तर सांगायचं नाही हं." शेठ जागचे हलेनात. "पण समजा, विचारणाऱ्यानं माझं नाव घेतलं, तर तुम्ही एकदम नाही म्हणू नका. खोटं बोलणं वाईट. नुसतं गालात हसा."

शनिवारी प्रार्थना संपल्यावर अध्यक्षांनी घोषणा केली, की एका दात्यानं नाव न सांगता लिफ्टसाठी मोठी रक्कम दिली आहे. बायकांच्या सज्जातून सेक्रेटरीबाईंना खालचं सगळं दिसत होतं. शेठांनी पुढच्या बाकावर मान खाली घातली होती, पण अशा बेतानं, की ती खाली घातलेली मान मागच्या भिंतीपर्यंत सगळ्यांना दिसावी.

तेवढ्यात मागच्या बाकावरून दाताचे डॉक्टर उठले आणि लगबगीनं बाहेर सटकले.

त्यात नवल काहीच नव्हतं. देणगीचा दे ऐकला, की डॉक्टर नेहमीच उठायचे. आजवर त्यांच्या खिशातून सिनेगॉगसाठी फक्त रुमाल बाहेर आला होता. पण या खेपेला लोकांनी वेगळाच हिशोब मांडला. इथले दाते म्हणजे नाव पुकारेपर्यंत पुढच्या बाकावर चिकटून बसणारे. मग ज्याला आपलं कौतुक ऐकवेना, जो लाजून उठून गेला, तो कोण? सज्जात एका आजीनं डोळ्यांना पदर लावला. "आपण त्याला कंजूष म्हणायचो गं! मेली आपली जीभ!"

संध्याकाळपर्यंत समाजात दुसरा विषय नव्हता. रविवारी डॉक्टर ऑफिसात धावत आले.

"बाई, हा काय चावटपणा आहे? लोक माझे हात हातात घेऊन रडतायत! मी एक पैसासुद्धा दिलेला नाही!"

"मग तसं सांगा ना लोकांना."

"ओरडून सांगतोय! जितकं सांगतो तितकं जास्त रडतात!"

धर्मगुरूंनी पुढच्या शनिवारी नम्रतेवर प्रवचन दिलं आणि सबंध वेळ डॉक्टरांकडे बघत दिलं. धर्मग्रंथाच्या वाचनाला वर बोलावण्याचा मान, जो दरवेळी शेठ आपल्याच घरचा असल्यासारखा घेऊन जायचे, तो डॉक्टरांना मिळाला. डॉक्टर "अहो, मी नाही, खरंच मी नाही" म्हणत होते आणि दोघंजण त्यांना दंडाला धरून प्रेमानं वर चढवत होते. दवाखान्यात तर रांग लागली. ज्यांच्या तोंडात दात नव्हते, तेही तपासून घ्यायला आले.

शेठांची झोप उडाली. सोमवारी ते ऑफिसात आले तेव्हा दार लावायचंही भान त्यांना नव्हतं.

"मोटरचे पैसे विसरा!"

"अहो शेठ, लिफ्टचा पाळणा बसवून झालाय. मोटरशिवाय तो नुसता कपाटासारखा उभा आहे."

"त्या दात उपटणाऱ्याकडून घ्या!"

"मग सांगून टाकते सगळ्यांना तुमचं नाव."

"खबरदार! गुप्तदान आहे ते!" शेठ उसळले, मग जरा वाकून हळूच म्हणाले, "चुकून तुमच्या तोंडून निसटलं तर गोष्ट वेगळी. मी रागावेन. पण फार नाही."

बाईंनी ते जेवणघराच्या स्वयंपाकीणबाईंपुढे निसटू दिलं, कारण तिथे निसटलेलं काहीच जमिनीवर पडत नसे. स्वयंपाकीणबाई पोट धरून हसल्या. "गालिचेवाले? आणि गुप्त? अहो, पिंपावर पाटी लावणारा माणूस तो! डॉक्टरांनी शपथ घातलीय ना तुम्हाला? कळतं हो आम्हाला."

शेवटी शेठांनीच कंबर कसली. सर्वसाधारण सभेत ते उभे राहिले आणि खाकरून म्हणाले, "ते दान मी दिलं."

मग डॉक्टर ताडकन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद मावत नव्हता. "हो! हो! यांनीच दिलं! सगळं श्रेय यांचं, माझं काहीही नाही!"

टाळ्यांनी छप्पर हाललं. लोक उठून उभे राहिले आणि डॉक्टरांकडे तोंड करून टाळ्या वाजवू लागले. म्हणजे या माणसानं पैसे तर दिलेच, पण वर श्रेयसुद्धा एका भुकेल्याला देऊन टाकलं! शेठांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. मोटरही त्यांच्याबरोबर गेली.

सेक्रेटरीबाई त्या रात्री सासूबाईंकडून झोपेपर्यंत ऐकत राहिल्या, की डब्यातला भात गार होता, चमचा वाकडा होता आणि सून मुद्दाम शिंकते. सकाळी उठून त्यांनी दवाखाना गाठला. डॉक्टरांच्या त्या लांबलचक खुर्चीत त्या आडव्या झाल्या, पण तोंड मात्र बोलण्यासाठीच उघडलं.

"डॉक्टर, लोक विचारतायत, मोटर का येत नाही म्हणून. तुम्ही हात आखडता घेतला असं म्हणायला लागलेत."

"पण मी पहिल्यापासून सांगतोय—"

"मला ठाऊक आहे. म्हणूनच आलेय. शेठांनी दिलेल्या चेकची बँकेची नोंद माझ्याकडे आहे. आज दारावर चिकटवते. तुमच्या मागची कटकट संपेल, रांगही संपेल, वर बोलावणंही बंद. बरं होईल ना?"

बाहेर बाकावर पेशंट बसले होते. कुणीतरी दबल्या आवाजात म्हणत होतं, "अशी माणसं आता कुठे मिळतात हो?" डॉक्टरांनी हातातला आरसा पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसला.

"एवढी घाई काय आहे, बाई?" ते म्हणाले. "मोटर साधारण केवढ्याला पडते?"

आठवड्याभरात लिफ्ट सुरू झाली. पहिल्या दिवशी म्हातारे नुसतेच खालीवर करत होते, जेवण गार झालं तरी कुणी बाहेर पडेना. संध्याकाळी सासूबाई घरी आल्या, त्या चेहरा फुलवूनच. जेवणघरात बरोबरीच्या चार जणींशी कडाडून भांडण झालं होतं आणि एकीनं तर बोलणंच टाकलं होतं. इतक्या महिन्यांत बाईंनी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणजे देवमाणूस," सासूबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "नाहीतर तो गालिचेवाला. एवढा पैसा, पण आम्हा म्हाताऱ्यांच्या लिफ्टसाठी फुटकी कवडी दिली नाही म्हणे. वर सभेत उठून दुसऱ्याचं श्रेय लाटायला गेला. शोभतं का गं हे?"

खरं सांगायला सेक्रेटरीबाईंनी तोंड उघडलं. पण ते उद्याच जेवणघरात पोचणार आणि डॉक्टर मोटरचे पैसे परत मागणार. मग त्यांना उद्याची दुपार दिसली. परवाचीही दिसली. घरात कुणी नव्हतं, दार करकरत होतं आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

"नाही शोभत हो, आई," त्या म्हणाल्या, "काय एकेक माणसं असतात!"