गुरुनाथांच्या वायफायची झडती

सुज्ञ वाचकहो, सातासमुद्रापलीकडील अर्विंग येथील एका सज्जनाने आपल्या घरच्या इंटरनेटची झडती घेतली असता काय ओढवले, ते पुढील ओळींत यथामती निवेदन करीत आहे.

गुरुनाथ हे एका भारतीय उपाहारगृहात आचारी होते. व्हिसाच्या गुंत्यामुळे कित्येक वर्षांत त्यांना नागपूरला जाता आले नव्हते. पत्नी शुभाबाई केवळ फोनवर दिसत, आणि तेही चित्र वारंवार थिजत असे. रविवारी नातीचे बारसे होते. ते तरी स्वच्छ दिसावे, एवढीच त्यांची आस होती.

शेजारचा संगणक-अभियंता निमिष कामानिमित्त जर्सी सिटीस गेला होता. त्याने फोनवरूनच निदान केले. "काका, तुमचं वायफाय दुसरं कोणीतरी वापरतंय. मी दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर नेटवर्कची सिक्युरिटी टेस्ट करणारं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू. ओपन सोर्स आहे, फ्री. मी सांगतो ते त्या काळ्या स्क्रीनवर टाइप करा."

काकांनी आज्ञा अक्षरशः टंकली. यंत्राने पासवर्ड मागितला.

"निमिष, कीबोर्ड मेला रे. दाबून राहिलो, काहीच उमटत नाही."

"दिसत नाही काका, पण आत जातं. एंटर मारा."

"मी तर तीन-चारदा टाकला."

"एकापुढे एक?"

"म्हटलं, एखादा तरी जाईल."

अखेर सॉफ्टवेअर स्थानापन्न झाले आणि वायफायवरील मंडळींची नावे पडद्यावर अवतरली. वरच्या मजल्यावरील राधिकेचा आयपॅड, तिच्या नवऱ्याचा, देवांगचा, फोन, देवांगचाच टीव्ही.

"हे तर सारे आपलेच लोक," काका म्हणाले.

"त्यांना पासवर्ड कोणी दिला?"

"मीच. गणपतीत दर्शनाला आले होते ना. प्रसादाच्या टेबलावर चिकटवला होता. पाहुण्याला नाही कसं म्हणावं?"

"काका, यार... पासवर्ड चेंज करा."

काकांनी जड अंतःकरणाने तो बदलला.

रविवारी सकाळी, म्हणजे नागपूरच्या सायंकाळी, चित्र आरशासारखे स्वच्छ आले. बाळाच्या गालावरची तीट दिसली. पाळण्यामागे शुभाबाई दिसल्या. अंधुक चित्रात त्या इतकी वर्षे विमानतळावरील निरोपाच्या दिवशी होत्या तशाच राहिल्या होत्या. आज त्यांचे केस पांढरे दिसले. त्याही टक लावून पाहत होत्या.

"किती वाळले हो तुम्ही?"

"कॅमेरा बारीक दाखवतो."

"अन् केस?"

"तोही कॅमेराच."

शुभाबाईंनी पदराने डोळे टिपले. तेही अगदी स्वच्छ दिसले.

इतक्यात दाराची घंटा वाजली. बाहेर राधिका आणि देवांग उभे होते.

"सॉरी काका, सकाळी सकाळी. नेट बंद पडलंय का? आमचा ईशान कार्टूनसाठी रडतोय," राधिका म्हणाली.

काकांनी हळूच नवा पासवर्ड सांगितला. "लवकर लावा. देवांग, टीव्हीसुद्धा लाव हो."

आत्याने बाळाच्या कानात 'इला' म्हटले, शुभाबाई हसल्या, आणि त्याच क्षणी चित्र थिजले. सुरकुत्या पुसल्या गेल्या. हसू तेवढे राहिले.

"अहो, तुम्ही नीट दिसत नाही," त्यांचा आवाज आला.

"असू दे," काका म्हणाले. "मला तू छान दिसून राहिली."

येथवर सोबत केलेल्या वाचकांचा ऋणी,
पुंडलिक ढोमणे, अर्विंग