सहावा नियम

"आज माझा बाप आला तरी पासशिवाय आत जाणार नाही!" बुटाची नाडी बांधता बांधता चोखसाहेबांनी बायकोला बजावलं.

"मामंजी कशाला येतील गाणी ऐकायला?" ती म्हणाली.

दर दोन वाक्यांनी 'चोख' म्हणायची सवय, म्हणून हे टोपणनाव. स्टेडियमच्या सुरक्षेचे ते प्रमुख, पण हंगामी. आजचा गाण्याचा जंगी कार्यक्रम सुरळीत पार पडला तर कायम, नाहीतर कायमचे घरी! आठवडाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या धास्तीत त्यांनी वीस नियम लिहून काढले होते. पाचवा : फाटकं पाच वाजता उघडायची, तीही माझा आवाज वायरलेसवर ऐकूनच. सहावा : 'मीच साहेब' म्हणणाऱ्याला आधी बसवून ठेवायचं.

चार वाजता त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पहारेकरी एका दिवसापुरते आलेले, त्यांनी साहेबांना पाहिलेलं नाही, आवाजही फक्त वायरलेसच्या खरखरीतून ऐकलेला. खरंच अडवतील कोणाला? परीक्षाच घ्यावी! वायरलेस आणि ओळखपत्र खणात ठेवून, साधा शर्ट चढवून ते मागच्या दाराने गुपचूप घुसले.

दुसऱ्याच पावलाला त्यांची कॉलर धरली गेली. धरणाऱ्या पहारेकरी बाई निवृत्त शिक्षिका होत्या. तीस वर्षं त्यांनी परीक्षेच्या वर्गात कॉप्या पकडल्या होत्या.

"शाब्बास बाई! चोख! मीच साहेब."

"बसा. सहावा नियम."

"अहो, तो मीच लिहिलाय!"

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"तुम्ही पहिलेच."

चोखसाहेबांनी विनवण्या केल्या, दटावलं, शेवटी वीसच्या वीस नियम पाठ म्हणून दाखवले. बाईंचा संशय दुप्पट झाला. इतकं पाठांतर प्रामाणिक माणसाचं नसतं म्हणे!

तेवढ्यात बाईंच्या कमरेचा वायरलेस खरखरला. "साहेब, पाच वाजले! फाटकं उघडू का? साहेब?"

"उघडा!" चोखसाहेब खुर्चीतून किंचाळले.

बाईंनी वायरलेसवर हात दाबला. "ते साहेबांना विचारतायत. मध्ये तोंड घालू नका."

बाहेर बारा हजार माणसं फाटकं बडवत होती. पाच दहा. पाच पंधरा. नोकरी डोळ्यांदेखत चालली होती आणि ते हातावर हात ठेवून बसले होते.

पाच वीसला स्टेडियमचे मॅनेजर धावत आले. "अहो, तुम्ही इथे काय करताय? उघडायला सांगा!"

चोखसाहेबांनी मॅनेजरांनी पुढे केलेल्या वायरलेसवर आरोळी ठोकली. फाटकं उघडली. ते उठणार, तोच बाईंनी रजिस्टर पुढे केलं. "सातवा नियम. पकडलेल्याची सही इथे, आणि सोडणाऱ्या सुरक्षाप्रमुखाची इथे."

बिचाऱ्यांनी दोन्हीकडे सह्या केल्या.

बाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि रजिस्टर मॅनेजरपुढे धरलं. "बघा. दोन्ही सह्या एकाच हातच्या. बसा खाली!"

चोखसाहेब बसले. मॅनेजरांनी सह्या पाहिल्या, घड्याळ पाहिलं आणि मग बराच वेळ बाईंकडे पाहिलं.

"बाई, उद्यापासून काय करताय?" त्यांनी विचारलं.