अधिक-उणे देगलूरकर

देगलूरकर सरांना कुणी नुसता आकडा सांगितला की ते विचारत, "अधिक-उणे किती?" मोजण्यात चूक किती होऊ शकते हे सांगितलं नाही, तर आकडा म्हणजे अफवा, असं त्यांचं मत. हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारात त्यांनी पाव किलो भेंडीबद्दल हे विचारलं, तेव्हा भाजीवाला म्हणाला, "साब, आपकू भेंडी होना की हिसाब होना?" एकदा ते मुलगी बघायला गेले. वडिलांनी मुलीचं वय सव्वीस सांगितलं. सरांनी अधिक-उणे विचारलं. पोहे यायच्या आत ते घरी परतले होते. लग्न राहिलं ते राहिलंच.

मी त्यांच्या शेजारी राहायचो आणि त्यांच्याच कॉलेजात गणित शिकवायचो. इथे भौतिकशास्त्र शिकवायला लागण्याआधी सर पाच वर्षं अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत होते. तिथे प्रचंड वेगाने प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनांच्या टकरी घडवून टॉप क्वार्क नावाचा कण शोधत. तो जन्मतो आणि त्याच क्षणी मोडतो. दिसतात ते फक्त तुकडे. तसलेच तुकडे दुसऱ्या टकरींतूनही पडतात. "खऱ्यासारखे दिसणारे खोटे किती, ते मोजणं माझ्याकडे होतं," सर सांगत. मग इथे वडील गेले, एकट्या पडलेल्या आई विसरायला लागल्या, आणि सर ते काम अर्ध्यावर टाकून हैदराबादला आले.

दोन वर्षांनी कण सापडला. तिथल्या मित्राने शोधनिबंध पाठवला. सुरुवातीला नुसती नावंच नावं. सर एकेकावर बोट ठेवून सांगत होते, हा बर्फात अनवाणी हिंडायचा, हिने मला गाडी शिकवली. त्यांचं नाव कुठे आहे, असं मी विचारलं.

"निघून आलेल्याला कोण मोजतं?" ते म्हणाले.

त्या वर्षांत देशात सगळंच खुलं होत होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि सरांच्या वर्गात चार मुलं उरली. प्राचार्यांनी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा रिकामी करून तिथे कॉम्प्युटर मांडले. शिकवायला मी गेलो. पगार चांगला होता. सरांना परीक्षेची वेळापत्रकं करायला बसवलं. ते मला एवढंच म्हणाले, "तुम्ही हुशार." त्यानंतर वर्षभर आम्ही जिन्यात भेटलो की नुसती मान हलवायचो.

एका सकाळी त्यांच्या आईंना ताप असल्याचं कळलं, म्हणून धीर करून विचारपूस करायला गेलो. सर त्यांना चमच्याने पेज भरवत होते. आईंनी त्यांच्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"डॉक्टर, माझा मुलगा अमेरिकेहून कधी येणार हो?"

"येईल," सर म्हणाले. "मोठं काम आहे त्याच्या हातात. संपलं की निघेल."

"घाई करू नको म्हणावं. माझ्यापायी अर्धं टाकून येऊ नको."

"कळवतो," सर म्हणाले. त्यांनी आईंचं तोंड पुसलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.